मापाशिवाय बेतलेला फ्रॉक

मी बायकांचे कपडे शिवतो. अंगाला टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे मी वीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. "अंदाजाने शिवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तर मी आल्या पावली परत पाठवतो. लेकीच्या आठव्या वाढदिवसाचा फ्रॉक मात्र गेल्या वर्षीच्या मापावर बेतला. म्हटलं, घरचीच तर आहे, दोन बोटं वाढवली की झालं.

संध्याकाळी बायकोने ओढून ओढून पाठीची चेन कशीबशी लावली. लेकीने केक कापला, सगळ्यांना वाटला, पण स्वतः घास घेईना. बस म्हटलं तरी उभीच. मी वैतागलो. "सगळ्यांसमोर कसले नखरे चाललेत?"

तेवढ्यात माझी बहीण तिला म्हणाली, "अगं, किती आवळलाय हा फ्रॉक तुला."

"मीच बाबांना घट्ट शिवायला सांगितलं होतं, आत्या." एवढं बोलतानाही तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

दुकानातून मी तसाच आलो होतो, टेप अजून गळ्यातच होती. ती मी हळूच काढून खिशात कोंबली.