दहा दिवसांच्या गोळ्या

शिवणकामात टेलरताईचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. नवरा गेल्याला सतरा वर्षं झाली होती. खोलीत ती, तिचं मशीन आणि शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे. गिऱ्हाईक दारातूनच माप देऊन जायचं. "चहा टाकू का?" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "पुन्हा कधीतरी."

पन्नाशीत कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या जालीम गोळ्या दिल्या, दहा दिवसांच्या. कंबर सुधारली. पण गोळी घेतली की संध्याकाळचं ते खायला उठणारं घरही जरा मवाळ व्हायचं. अकराव्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं जुनी चिठ्ठी पाहून आणखी एक पाकीट दिलं.

वर्षभरात एका गोळीच्या चार झाल्या, तरी पहिल्या गोळीचा आराम काही परत मिळेना. एकाच दुकानात सारखं जायची लाज वाटे, म्हणून ती लांबलांबची दुकानं धुंडाळायची. व्यसन म्हणजे दारू पिऊन रस्त्यात पडणं, आपण तर औषध घेतोय, अशी ती मनाची समजूत घालायची.

मग एका शर्टाला तिनं दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. शर्ट न्यायला आलेली बाई हसली. ताईला हसू आलं नाही. त्याच दुपारी तिनं सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं, पोटात मुरडा आला, पायांना क्षणभर स्वस्थता नाही. तिसऱ्या दिवशी नातीचा गणवेश न्यायला एक निवृत्त नर्स आली. ताई घामानं भिजून जमिनीवर पडली होती.

"ताप आलाय," ताई म्हणाली.

नर्सनं तिच्या हातावरचा काटा पाहिला, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या पाहिल्या. "कुठल्या गोळ्या बंद केल्यात?"

ताईनं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत तिची कुणी इतकी नेमकी चौकशी केली नव्हती.

नर्स तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मनाचा दुबळेपणा नाही, आजार आहे. अशा गोळ्यांची सवय माणूस बघून लागत नाही. आता मनानं काही करू नका, आपण हळूहळू कमी करू. आणि खंड पडल्यावर पुन्हा पूर्वीइतक्या घेतल्यात, तर श्वास थांबू शकतो."

ताईनं आपल्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. "गोळ्यांचं कसलं आलंय व्यसन?" तो म्हणाला. "कुणाजवळ बोलू नकोस." तिनं गल्लीत कुणाला कळू दिलं नाही.

गोळ्या पूर्ण सुटायला आठ महिने लागले. मधे एकदा पाय घसरला, ठरल्यापेक्षा दोन गोळ्या जास्त घेतल्या. सकाळी स्वतःच जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. आता गुरुवारच्या बैठकीला येत चला."

बैठकीत तिच्यासारखीच माणसं गोल बसायची. चार गुरुवार ती गप्प राहिली. पाचव्या गुरुवारी म्हणाली, "मी शिवणकाम करते," आणि पुढे शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही.

गोळी सुटून आता दोन वर्षं झाली. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. नर्स मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. ताई दर गुरुवारी बैठकीला पायी जाते. एकटीच जाते, एकटीच येते.