रहीमभाईंची आठ पायांची चिप

गिऱ्हाईक आपला रेडिओ घेऊन जायचं, किस्सा मात्र आमच्या दुकानातच राहायचा! मानवतला रहीमभाई आणि मी मिळून दुरुस्तीचं दुकान चालवायचो. ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे, हवा लय तंग.

रहीमभाईंनी मुंबईहून टपालानं एका खास जातीच्या आयसी, म्हणजे चिपा, मागवल्या. एकेक नखाएवढी, आठ पायांची. एका पायाला कोणता रेझिस्टर लावता, त्यावर ती किती करंट खाणार, किती चपळ चालणार, हे ठरायचं. "सांगू तशी वागते," रहीमभाई म्हणायचे. "माणसाला असा पाय न्हाई!"

पाकिटात दोनच आल्या. त्यातली एक चिमट्यातून उडून खाली पडली. अर्धा दिवस दोघं गुडघ्यांवर! एकदम रहीमभाई ओरडले, "सापडली!" त्यांच्याच तळपायात रुतली होती. मी हळद घेऊन धावलो, तर हे भिंगातून चिप बघायलेत.

"आठी पाय शाबूत हायत!"

*

कापसाच्या बाजारात ओल मोजायचं मीटर बिघडलं. प्रत्येक गाडी 'ओली', म्हणून भाव कमी! शेतकरी खवळले. रहीमभाई पोचताच एकानं गचांडी धरली, "तू बी व्यापाऱ्यांचाच!"

रहीमभाईंनी मीटरच्या सुया उन्हात तडकलेल्या बैलगाडीच्या जुवाला टोचल्या. काटा 'ओला'वरच.

"आता जू बी वाळवून आणता का?"

गचांडी सुटली. मग त्यांनी शांतपणे मीटरातल्या चिपच्या पायाचा रेझिस्टर बदलला.

*

एकदा फौजदार झडतीला आले. टेबलावर दुसरी चिप बसवलेली डबी, वायर, सेल. "बॉम्ब हाय का?"

रहीमभाई म्हणाले, "बहिऱ्याचं यंत्र हाय, साहेब. कानाला लावा."

साहेबांनी लावलं. बाहेर हवालदार पुटपुटत होता, "ह्याला काय कळतंय!"

साहेबांना स्पष्ट ऐकू आलं.

*

ते यंत्र भिवाआबा मेंढपाळांचं. ते घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या शेजारच्या गावात दलित वस्ती पेटवली गेली. एक बाई दोन लेकरांना घेऊन पळत आली. आबांनी तिघांना मेंढरांच्या वाड्यात लपवलं. मागोमाग लाठ्या घेतलेला जमाव.

"म्हाताऱ्या, इकडं कोन आलं का?"

"आं?"

"कोन आलं का?"

"मेंढरं इकायची न्हाईत!"

"बहिरं हाय, चला," म्हणत जमाव पुढं गेला.

आठवड्यानं आबा दुकानात आले. रहीमभाईंनी यंत्र तपासलं. "आबा, झकास चालायलंय की. काय बिघडलं?"

"काय बी न्हाई. ह्याला बंद करायची कळ बसव."

"कशाला?"

"लाठ्यावाले दारात, आन् आत लेकरू मुसमुसायलं होतं," आबा म्हणाले. "मला लय मोठ्यानं ऐकू यायलं होतं."