महादेवाच्या डोक्यावरून जाताना

त्या वर्षी देव आहे की नाही, याचं उत्तर मी माझ्यापुरतं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. आमच्या परळी तालुक्यात लागोपाठ पाऊस हुकला. विहिरींनी तळ दाखवला, बोअर कोरडे गेले, आणि ऊसतोडीहून परतलेले माझे आईवडील बैलजोडी घेऊन धर्मापुरीजवळच्या चारा छावणीत राहायला गेले. छावणी आमच्या भागातल्या दूध संस्थेनं चालवलेली. चारा-पाणी तरी मिळत होतं. मी तेव्हा विमान कंपनीत सहवैमानिक होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण जिनं जन्मभर सोमवार धरले त्या माउलीनं ताडपत्रीखाली दिवस काढावेत, हे काही माझ्या मनाला पटत नव्हतं.

माझं विमान हैदराबादहून औरंगाबादला जायचं ते नेमकं आमच्या भागावरून. आईला हे कळलं तेव्हा तिला कौतुकापेक्षा काळजीच जास्त वाटली. म्हणाली, “आरं, तू म्हादेवाच्या डोक्यावून जातूस. पाय लागत्यात न्हवं त्येला. वरनं जाताना हात जोडीत जा.” धर्मापुरीचं जुनं देऊळ तिचं श्रद्धास्थान. एवढ्या उंचीवरून देऊळ कसलं दिसतंय! पण शब्द दिला होता. म्हणून मी प्रत्येक वेळी खालचं तळं, वळणाचा रस्ता, टेकाडं यांच्यावरून जागा हुडकायचो आणि हात जोडायचो. मनात भाव होता म्हणून नव्हे, आईला फसवायचं नाही म्हणून. आमचे कॅप्टन नागपूरकडचे, देवधर्म न मानणारे. माझे हात जुळले की हसायचे, “काय बीडकर, आलं का तुझं गाव?”

चैत्र संपत आला होता. दुपारचं उड्डाण, विमान भरलेलं. हवेत सगळीकडे धूळ. समोर बघावं तर भिंत उभी केल्यासारखी. अर्ध्या वाटेवर आमचे मार्ग दाखवणारे दोन संगणक भांडायला लागले. एक म्हणे आपण वाटेवर आहोत, दुसरा म्हणे कितीतरी बाजूला सरकलोय. फरक वाढतच चालला. संगणक बिघडला म्हणून विमान पडत नाही, हे आम्ही दोघंही जाणत होतो. शिकवल्याप्रमाणे विमान हातात घेतलं, होकायंत्रावर दिशा धरली, खाली नियंत्रण कक्षाला कळवलं. पण जमिनीवरून दिशा देणारं वाटेतलं एक केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं, आणि आमच्या यंत्राचा संदेशही तुटक येत असल्यानं खालच्यांना आमची जागा खात्रीनं सांगता येईना. मागे हैदराबादवर वादळ उठलेलं. पुढे डोंगर, त्यात धूळ. आपण नेमके कुठे आहोत हे कळल्याशिवाय खाली उतरायचं कसं? मागे बसलेल्या माणसांचा जीव पडद्यावरच्या दोन खोट्या-खऱ्या ठिपक्यांमध्ये अडकला होता.

कॅप्टननी दोन्ही संगणकांचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बीडकर, तुझं गाव आलं का रे?”

या वेळी आवाजात थट्टा नव्हती. मी काचेला कपाळ टेकवून खाली पाहिलं. नुसता मातकट पडदा. हात आपोआप जुळले. फक्त वाटलं, मला जेवढं येत होतं तेवढं झालं, आता तू बघ. आणि खालची धूळ विरळ झाली. वाऱ्यानं झाली असेल, मी वाद घालत नाही. आधी आटलेलं तळं दिसलं, मग वळणाचा रस्ता, आणि त्याच्या अंगाला ताडपत्र्यांच्या लांबच लांब रांगा. माझ्या आईवडिलांची छावणी. “आलं, सर,” मी म्हणालो, “आपल्या उजव्या हाताला.” क्षणात पडदा मिटला, पण तेवढं पुरलं. गाव नेहमीच्याच जागी होतं, म्हणजे आम्ही वाटेवर होतो आणि पहिला संगणक खरा बोलत होता. दुसरा आम्ही बंद केला. पुढे माजलगाव धरणाचा कोरडा, पांढरा तळ धुळीतूनही ठरल्या जागी दिसला, तेव्हा कॅप्टननी मोठा श्वास सोडला. विमान अलगद टेकलं. प्रवासी नेहमीसारखे बॅगांसाठी उठले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

सुट्टीला छावणीत गेलो आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती बैलापुढं चारा टाकता टाकता म्हणाली, “मग आमी दिसलो का तुला?” माणसं दिसत नाहीत म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. “बरं झालं. दुपारी माजे हात शेणात आसत्यात.” वडील खो खो हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

संध्याकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. आभाळ कोरडंच होतं, आणि त्या दिवशी पाऊस पडला असं मी लिहिणार नाही. देव माझं सगळं ऐकतो, असंही म्हणत नाही. एवढंच उमगलं, की तो दिसेल तेव्हा चालायचं असं म्हणून बसलं तर माणूस कुठंच पोचत नाही. आपली दिशा धरून ठेवावी, हातचं काम चोख करावं, आणि उरलेलं त्याच्या ओटीत टाकावं. गाभाऱ्यात गारवा होता. आईनं माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि वडिलांनी, जे कधी बोलत नाहीत, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तसाच राहू दे, म्हणून मी पिंडीपुढं बराच वेळ वाकून राहिलो.