सेंकिरेची धुरी

चारा नदीच्या खोऱ्यातल्या रेनडिअर पाळणाऱ्या एव्हेंकी लोकांच्या वस्तीत उस्तिन्यासारखी बाई दुसरी नव्हती. बिथरलेला रेनडिअर ती शिंगाला धरून जागच्या जागी शांत करायची. पण शहरातलं माणूस समोर आलं, की हीच वाघीण भिजलेलं मांजर व्हायची. शाळेच्या वसतिगृहात पोरी अंगाच्या वासावरून तिला ‘धुरकट’ म्हणून चिडवायच्या, ते तिच्या मनातून गेलंच नव्हतं.

तो वास सेंकिरेचा. दलदलीत वाढणारं, बर्फाखालीही हिरवं राहणारं हे उग्र झुडूप. मर्तिकाहून आलेला माणूस त्याची धुरी ओलांडल्याशिवाय तंबूत पाऊल टाकत नसे, आणि आत तान्हं मूल असेल तर मुळीच नाही. ही धुरी घरच्या बाईनेच द्यायची.

त्या दिवशी मुलगा वादिम आणि सून रिम्मा तान्ह्या लेकीला घेऊन एका मुक्कामासाठी शहरातून आले होते. सोबत विहीणबाई, झोया. उस्तिन्याचा नवरा प्रोकोपी भावाला माती देऊन संध्याकाळी परतला आणि दाराबाहेर थांबून खाकरला. नातीला त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

उस्तिन्याने सेंकिरेच्या टांगलेल्या जुडीकडे हात नेला, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, “ही कसली हो जुडी? मी झाडापानांचंच शिकवते ना, विचारायची खोडच लागलीय. काय म्हणता तुम्ही हिला?”

“हिला कसलं आलंय नाव! डास पळवायचा पाला,” उस्तिन्या हसून म्हणाली. “आमच्या म्हाताऱ्याचं खूळ.”

“आणि व्याही? आवाज आला वाटतं त्यांचा.”

“जनावरं बांधताहेत. येतील.”

वादिमने मान खाली घालून मांस चघळायला घेतलं. बाहेरचं खाकरणं थांबलं. तंबूच्या कापडाला भिंतीसारखे कान लागत नाहीत, सगळंच ऐकू जातं. ही मंडळी जरा आडवी झाली की धुरी देऊ, असं स्वतःला समजावत उस्तिन्या चहा ओतत राहिली. विहीणबाईंच्या गप्पा काही संपेनात. शेवटी तिने बाहेर डोकावलं, तर प्रोकोपी रेनडिअरांपाशी शेकोटी करून कातडं पांघरून पडला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती जुडी घेऊन बाहेर गेली नाही.

सकाळी निघताना रिम्माने लांबूनच हाक मारली, “बाबा, या ना! घ्या की हिला!”

प्रोकोपी झाडाखाली टोपी काढून उभा होता. “नको गं पोरी, सर्दी झालीय मला. लागेल तिला.”

“किती जपतात!” विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

बायकोची लाज त्याने अशी झाकली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उस्तिन्याला वाटलं.

गाडी दिसेनाशी झाली तशी तिने जुडी मोडली, तव्यातल्या निखाऱ्यांवर टाकली आणि तवा घेऊन धावत बाहेर आली.

“अहो, घ्या. सेंकिरे आणलीय.”

“आता कुणासाठी?” प्रोकोपीने तवा तिच्या हातातून घेतला आणि तिच्याच पायांपुढे ठेवला. “मी भावाला पुरून आलो. तू काल ह्या सेंकिरेचं नाव पुरलंस. आधी तू ओलांड.”

तिने ओलांडलं. डोळ्यांतलं पाणी धुराचं आहे असं सांगायलाही समोर कुणी परकं नव्हतं.