नहरेकाठच्या बारचा वरचा हॉल

या ग्रुपवर मी तीनेक वर्षांपासून आहे. आजवर एक कमेंटसुद्धा केली नाही. खरं सांगू का — इथले अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचे. शाळेत गणित शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. फळ्यावर सिद्ध करता येत नाही ते माझ्यासाठी नाहीच, असा एक ताठा होता. घरी देव आहेत, संध्याकाळी दिवा लावते, पण भूत, आत्मा वगैरे... छे. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी लगेच विचारायचे, "तेव्हा तुमची झोप नीट झाली होती का?"

आता मला कुणी तेच विचारलं तर राग येणार नाही. झोप झाली होती. दुपारचे साडेतीन वाजले होते. जेवणही झालं होतं.

आधी माणसं सांगते. मी बावन्न वर्षांची, नागपूरला धरमपेठेत राहते. संजू माझा भाऊ, सात वर्षांनी धाकटा. आमचं लहानपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं. बाबा पॉवर हाऊसमध्ये फिटर होते. हातात कला होती, स्वभाव गरीब, पण प्यायचे. दिवेलागण झाली तरी घरी आले नाहीत की आई मला पाठवायची — कॉलनीच्या गेटबाहेर देशी दारूचं दुकान होतं, तिथं. मी तेरा-चौदाची. संजू मागे लागायचा म्हणून त्याला न्यायचे, पण आत कधीच नाही. समोरच्या खांबाजवळ उभं करायचे आणि सांगायचे, "इथून हलू नको. मी आत्ता येते." मग मी एकटी आत. आत काय बघितलं, काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

बाबा त्यातच गेले. मी तेव्हा एकवीसची होते. त्यानंतर ज्या लग्नात मागच्या बाजूला बाटल्या दिसल्या, तिथून मी न जेवता उठून आलेली आहे. सासरचे, शाळेतले सगळे ओळखून आहेत.

संजू इलेक्ट्रिशियन झाला, पॉवर हाऊसला कंत्राटावर लागला आणि दोन वर्षांत सोडून आला. नाटकाच्या लाईटचं वेड! झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडला, मग नागपुरातल्या हौशी नाटकवाल्यांचे लाईट करायला लागला. लग्न केलं नाही. माझ्याकडे जेवायला आला की आधी आमच्या हॉलची ट्यूब बंद करायचा. म्हणायचा, "ताई, या ट्यूबखाली चांगली माणसं आजारी दिसतात वं." मग कोपऱ्यातला साधा पिवळा बल्ब लावून जेवायला बसायचा. आम्ही अंधारात भाजी शोधायचो. हे चिडायचे — हे म्हणजे माझे मिस्टर — पण तो आला नाही की यांनाच चुकल्यासारखं व्हायचं.

आता जागा. कोराडी रोडनं खापरखेड्याकडे जाताना एका ठिकाणी आत वळलं की नहर लागते. बाहेरच्या वाचकांसाठी — नहर म्हणजे कालवा, आमच्याकडे नहरच म्हणतात. तिच्या काठाला लागून एक बार-अँड-रेस्टॉरंट आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. खाली बार, वर हॉल. पूर्वी तो हॉल वाढदिवस, साक्षगंध म्हणजे साखरपुड्यासाठी देत. संजूनं मालकाला पटवलं, भिंती काळ्या केल्या, खिडक्यांवर काळं कापड ठोकलं, साठ-सत्तर खुर्च्या मांडल्या, आणि तिथं छोटी छोटी नाटकं व्हायला लागली. स्टेज असं नाही, जमिनीवरच.

मला ते कळलं तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. मग जुलैत एक दिवस त्याचा फोन आला.

"ताई, या रविवारी माझं नाटक आहे. फक्त लाईट नाही — मीच लिहिलं, मीच बसवलं. तू ये."

"कुठे?"

"तुले माहीत आहे कुठं."

"मी दारूच्या दुकानात पाय ठेवत नाही संजू."

"दुकानात काहून? बाजूनं जिना आहे. तू सरळ वर ये. मी खाली घ्यायले येतो."

"सगळं माहीत असून मला तिथं बोलावतो?"

तो म्हणाला, "माहीत आहे म्हणूनच तं बोलावून राहिलो न."

हे वाक्य मला तेव्हा ऐकू आलं, कळलं नाही. मी रागात होते. म्हणाले, "बाबांकडे पाहून काहीच शिकला नाहीस. तिथंच बसून बसून एक दिवस तूही..."

पुढचं बोलले नाही. गरजच नव्हती.

"मी पीत नाही वं ताई," एवढंच म्हणाला. आवाज अगदी लहान पोरासारखा झाला होता. फोन त्यानं ठेवला.

राखी गेली, भाऊबीज गेली. त्यानं फोन केला नाही, मी केला नाही. दोघंही एकाच आईची लेकरं... मला वाटायचं, येईल. कुठं जातो? एखाद्या रविवारी येईल, ट्यूब बंद करेल आणि ताट वाढ म्हणेल. मे महिन्यात त्याच्या घरमालकाचा फोन आला. झोपेतच गेला होता. हार्ट अटॅक. चव्वेचाळीस वर्षांचा होता. बोलणं थांबल्याला दहा महिने झाले होते.

यानंतरचे महिने मी सांगत नाही. शाळेत जायचे, यायचे. एकदा वर्गात गणित अर्धवट सोडून उभी राहिले, मुलं वाट पाहत बसली.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार ताई, मी राऊत. तिकडं नहरेवरच्या बारचा मॅनेजर. संजूभाऊची एक पेटी वर पडून आहे. मालक हॉल गोडाऊनले देऊन राहिले. तुम्ही घेऊन जान का? फेकाले हात नाही धजत."

हे सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. रविवारी जेवून ॲक्टिव्हा काढली आणि एकटीच गेले.

बाहेर दहा मिनिटं गाडीवर तशीच बसून होते. नहरेला पाणी सोडलेलं होतं, काठावर दोघी बाया कपडे धूत होत्या. बाजूचा जिना दिसत होता, पण त्याच्या शटरला कुलूप होतं. म्हणजे बारमधूनच जावं लागणार. आयुष्यात बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या वासात शिरले. आत दोन टेबलं भरलेली. लाईट गेलेली होती, म्हणून समोरचं दार उघडं टाकलं होतं. काउंटरमागून पन्नाशीचा एक माणूस उठला, हात पुसत पुढे आला. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "या ताई. चेहरा तोच आहे."

त्यानं कोपऱ्यातली खुर्ची दिली, शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. आणि मी — चहा हातात घेऊन मी पहिली गोष्ट काय विचारली असेल?

"राऊतभाऊ, तो प्यायचा का हो?"

राऊतभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "सहा वर्षं इथं होता ताई," ते म्हणाले. "एक थेंब नाही. लिंबू-सोडा प्यायचा, तोही वर बसून. खाली बसायचाच नाही. म्हणे, खाली मले श्वास नाही घेता येत."

मी चहा तसाच ठेवला.

आतल्या जिन्यानं आम्ही वर गेलो. वर काळोख. राऊतभाऊंनी मोबाईलचा टॉर्च लावला. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. छताखालच्या पाइपला चार जुने स्पॉटलाईट लटकत होते, बाकीचे भाड्याचे होते ते नेलेले. त्या चारांच्या वायरी कापून नुसत्या लोंबत होत्या. ते मी नीट पाहिलं, कारण एक वायर डोक्याला लागली आणि मी दचकले. राऊतभाऊ म्हणाले, "भिऊ नका ताई, वरचं मीटर दिवाळीतच काढून नेलं. काही चालू नाही." पेटी कोपऱ्यात होती, हिरवी, पत्र्याची. तिला कुलूप. "चाबी गल्ल्यात आहे, आणतो," म्हणून ते खाली गेले. टॉर्च त्यांच्याबरोबर गेला. माझा मोबाईल पर्समध्ये होता, पर्स खाली खुर्चीवर.

मी हॉलच्या मधोमध उभी होते. घाबरले नव्हते. वाईट वाटत होतं एवढंच. इतक्या लहानशा जागेसाठी आपण काय बोललो त्याला.

मग समोरची जमीन दिसायला लागली.

कसं सांगू... लाईट लागला नाही. बटण दाबल्यावर लागतो तसा नाही. हळूहळू, इतका हळू की आधी मला वाटलं डोळे सरावताहेत. पिवळा उजेड, माझ्या पाठीमागून, वरून येणारा. जमिनीवर त्याचा एक लांबट चौकोन झाला. माझ्या पायांशी अरुंद, पुढे रुंद. कडा स्पष्ट होत गेल्या. आणि मला तो ओळखू आला. दार होतं ते. देशीच्या दुकानाच्या दारातून बाहेर रस्त्यावर उजेड पडायचा, तो. मी आतून बाबांचा हात धरून निघायचे तेव्हा रोज तुडवलेला. त्या चौकोनाच्या पलीकडे, जिथं अंधार सुरू होत होता, तिथं खांब असायचा. तिथं संजू असायचा.

चौकोनाच्या मधोमध माझी सावली पडली होती.

हे मी यांनाही सांगितलेलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितेय. माझे केस आता मानेपर्यंतच आहेत, कितीतरी वर्षांपासून. त्या सावलीला दोन वेण्या होत्या. मी मान हलवली, त्या हलल्या. हात कानामागे नेला. हाताला काही लागलं नाही. सावलीच्या हातात मात्र वेणी होती.

मी मागे वळून पाहिलं. डोळ्यांवर नुसता झोत आला, काही दिसलं नाही. गरम वाटलं चेहऱ्याला. परत समोर पाहिलं आणि अंधाराच्या त्या कडेकडे पाहत तोंडातून आपोआप निघालं, "संजू, आले रे मी. आले."

काही उत्तर आलं नाही. खोटं कशाला लिहू? आवाज नाही, स्पर्श नाही, काहीच नाही. उजेड थोडा वेळ तसाच राहिला — दोन मिनिटं, तीन मिनिटं... आणि आला तसाच हळूहळू गेला. मी "थांब, थांब" म्हणत होते. थांबला नाही.

दारात राऊतभाऊ उभे होते, चाबी हातात. "लाईन आली का ताई?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच खाली कान दिला. खाली पंखे बंदच होते. "मी जिन्यात होतो," ते म्हणाले, "दाराच्या फटीतून उजेड पाह्यला मी. पिवळा." त्यांनी टॉर्च वर मारला. चार स्पॉट, चार तुटक्या वायरी. रचलेल्या खुर्चीवर चढून त्यांनी एकेकाला हात लावला. तिसऱ्याला लावला आणि झटकन मागे घेतला. "तापला आहे," म्हणाले, आणि खाली उतरून तिथंच बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काय दिसलं?" मी दाराच्या आकाराचं सांगितलं. सावलीचं नाही. ते म्हणाले, "त्याच्या नाटकाची सुरुवातच ती होती ताई. दार उघडते, उजेड पडते, एक पोरगी आत जाते. मंग अर्धा तास पोरगी नाहीच. एक लहान पोरगा बाहेर उभा राहून बोलते फक्त — आत माझ्या ताईले काय होऊन राहिलं असन म्हणून. बाया रडायच्या. अकरा शो झाले, दर रविवारी. दर शोले मले विचारे, खाली कोणी बाई येऊन परत तं नाही गेली न, राऊतभाऊ?"

मी अकरा रविवारी घरी होते. टीव्ही पाहत असेन. पेपर तपासत असेन.

पेटी मी घरी आणली, आत त्याची हत्यारं आणि वायरींची वेटोळी होती. यांची सगळी नोकरी विजेच्या सबस्टेशनवर गेली. दुसऱ्या दिवशी हे स्वतः तिथं जाऊन आले, टेस्टर घेऊन. मीटर नाही, मेन लाईन कापलेली, खालच्या बारची वायर वर जातच नाही, आणि त्या दुपारी खाली जनरेटरही चालू नव्हता. उन्हाची तिरीप म्हणावी तर खिडक्यांवर कापड खिळ्यांनी ठोकलेलं, त्याच वेळेला उभं राहून पाहिलं, एक कवडसा येत नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "माझ्या डोक्यात बसत नाही."

गोडाऊनवाल्यानं ताबा घेईपर्यंत मी आणखी चारदा गेले. बारमधूनच जायचे. राऊतभाऊ टॉर्च द्यायचे, मी तो बंद करून वर अंधारात बसायचे. काही झालं नाही. आता तिथं पोती आहेत.

ग्रुपवरच्या जाणकारांनी मागे लिहिलं होतं की अशा गोष्टींचा अर्थ लावत बसू नये. मी गणिताची बाई, मला लावल्याशिवाय राहवत नाही. तो उजेड कुठून आला, याचं उत्तर आता मिळालं नाही तरी चालेल. एकच गोष्ट विचारायची होती... शेवटच्या फोननंतर तो माझ्यावर रागावलेला होता की नाही.

उजेडावरून ते कळत नाही.