रिकाम्या गोणपाटावरचा श्वास

गेल्या हिवाळ्यात, ज्या सकाळी नगरला माझ्या वहिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या सकाळी काष्टीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर, तिच्या बसायच्या रिकाम्या गोणपाटासमोर मी हात धरला आणि माझ्या तळव्याला श्वास लागला.

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. बातमीत ‘चमत्कार’ हा शब्द आला की तो काढणं हे माझं काम होतं. आजही काढीन. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

वहिनीची लेक, माझी भाची ईश्वरी, नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी गोठ्यातली शेळी झोपेत मेली. ही तिला बराच वेळ कुरवाळत बसली होती... झोपली आहे असं समजून. तेव्हापासून कोणी आडवं झालं की ईश्वरी त्याच्या नाकाखाली तळवा धरायची. दिवसातून कितीदा, याला हिशेब नव्हता. माझे वडील, तिचे नाना, दुपारी डोळा लागताच दचकून उठायचे.

“अगं हाय मी! उद्या बाजार हाय, मराया येळ कुठाय मला?”

पण सगळ्यात जास्त आईला. “आई, श्वास हाय ना?” आणि वहिनी प्रत्येक वेळी म्हणायची, “हाय गं.”

नगरच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की या उत्तरानेच भीती वाढते. तेव्हा मी सोबत होते. वहिनीने विचारलं, “मंग लेकरू रडतंय तवा गप बसू?” बाई म्हणाल्या, “गप बसा. पण शेजारी बसा.”

वहिनीने घरी येऊन त्याचा नियम केला. “पहिलं आपल्या नाकाखाली हात धर. चालू हाय ना? मंग हातातलं काम संपव. मंग माझ्याकडं ये.”

पहिले काही आठवडे पोर रडत ओट्यावर लोळायची. शेजारीण ऐकवायची, “एक ‘हाय’ म्हणाया जीभ झिजती का गं बाई?” वहिनी गोणपाटावर बसून बाजारासाठी लिंबं निवडत राहायची. चेहऱ्यावर काही नसायचं. एकदा मी पाहिलं, तिच्या मुठीतलं लिंबू पिळून रस कोपरापर्यंत ओघळला होता. ती उठली नाही, बोललीही नाही. ईश्वरी रडून दमली आणि तिच्या शेजारी बसून लिंबं निवडू लागली. मी पुष्कळ धीराची माणसं पाहिली आहेत. असा धीर पाहिला नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, निघताना ईश्वरीने विचारलं, “तू मरशील का?”

“छे! काय बोलती ही पोरगी!” नाना ओरडले.

वहिनी खाली बसली. “बहुतेक न्हाई, असं डॉक्टर म्हनले. नक्की मला बी म्हाईत न्हाई. पन तुला दम धरता येतो, ते मला म्हाईत हाय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “वन्सं, तिला खोटं सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लिंबं निवडत होतो. लाईट नव्हती, वारा नव्हता; दोरीवरचं धडुतं हलत नव्हतं. ईश्वरी उठली, गोणपाटासमोर उकिडवी बसली. आधी आपल्या नाकाखाली हात धरला, मग समोर.

“आत्या, आईचा श्वास हाय.”

“तिथं कोणी नाही, ईशू.”

“दिसत न्हाई. तू हात धर की.”

मी धरला. ऊबदार, एका लयीत येणारा-जाणारा... आणि त्याला मिश्रीचा वास. वहिनी मिश्री लावते. घरात दुसरं कोणी लावत नाही. मी हात काढला, पुन्हा धरला. होता.

मग तो थांबला.

“थांबला,” ईश्वरी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी फोन उचलला. तिने माझं मनगट धरलं.

“नगं. पहिलं हातातलं काम.”

ती पाटीपाशी जाऊन बसली. मोठं इकडे, बारकं तिकडे, डागी मागे. एकही लिंबू चुकीच्या ढिगात पडलं नाही. मला मात्र एकही निवडता आलं नाही. पाटी भरल्यावर ती उठली, आपला श्वास पाहिला आणि समोर हात धरला.

“हाय.”

मीही धरला. होता. आधीपेक्षा सावकाश.

दुपारी वहिनीसोबत नगरला गेलेल्या दादाचा फोन आला. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आणताना श्वासाची जरा गडबड झाली होती, आता बरी आहे. किती वाजता, ते त्याला सांगता आलं नाही. मीही घड्याळ पाहिलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या असं मी म्हणू शकत नाही. नंतर डॉक्टरांना विचारलं. असं कधीकधी होतं, म्हणाले. ओट्यावरच्या श्वासाबद्दल त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडेही त्याचं स्पष्टीकरण नाही.

वहिनी घरी आली तेव्हा ईश्वरी फाटकात उभी होती. पोटाला हात लावून वहिनी गाडीतून सावकाश उतरली. ईश्वरीचा तळवा वर गेला, तिच्या चेहऱ्यापर्यंत. वहिनी थांबली.

तळवा खाली आला. ईश्वरीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

“दमानं,” वहिनी म्हणाली, “औषधाच्या बाटल्या हायत.”

पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ईश्वरी पुढे चालत गेली. ओटा चढेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.