किप्रोनोवर संशय घेतला तेव्हा

नव्वदनंतरच्या त्या सालांत आख्ख्या सुरतेत पळण्यात मला कोणी हरवलेलं नाही. मी पळालोच नाही, तर हरवणार कोण? एकदा मुकादम मागे लागला तेव्हा पळालो होतो, तर त्यानं दारातच धरलं!

असे किस्से कापड विणायच्या लूमखालच्या तुटक्या धाग्यासारखे असतात. झाडून काढा, कामाची पाळी संपेपर्यंत तेवढेच परत साचतात. आम्ही सुरतेच्या डिंडोली भागातले खानदेशी, सगळे लूमवरचे कामगार, आणि जेवायला सगळे कमलबाईच्या खाणावळीत. तिथंच किप्रोनो भेटला. आजचे सगळे किस्से त्याचेच.

*

किप्रोनो केनियाचा. टेक्स्टाइलचं कॉलेज करायला आलेला. कॉलेजकडे कोणी खोली देईना, म्हणून आमच्या चाळीत माडीवर राहिला. नाव कमलबाईच्या जिभेवर बसेना, तर तिनं पहिल्याच जेवणाला त्याचा ‘किरण’ करून टाकला. गडी हिंदीच्या आधी अहिराणी शिकला! दारातूनच ओरडायचा, "मावशी, माले भूक लागनी!"

टीव्हीवर तिकडची माणसं पळताना आम्ही पाहिलेली. केनियाचा म्हणजे पळणारच! जो तो म्हणे, "किरणभाऊ, जरा पळून दाखवा ना!"

तो हात जोडायचा. "मी नाही हो पळत. गावात मी शेवटचा यायचो."

सुरती माणसानं सांगावं, ‘मला खाण्याची आवड नाही’, तसं वाटलं. कोण ऐकतो!

*

भीलाआप्पा आमच्यातला वडीलधारा. जन्म लूमच्या मधून येरझारा घालण्यात गेलेला. त्यानं एकदा किरणच्या बगळ्यासारख्या पायांकडे निरखून बघितलं आणि निकाल दिला, "हाई ते देवनं देनं शे!"

किरण पहिल्यांदाच चिडला. म्हणाला, "आप्पा, माझा मोठा भाऊ जिंकतो. परदेशात पळायला जातो. तिथले म्हणतात, औषध घेतलं असेल. नाही म्हटलं, तर म्हणतात, मग यांचं उपजतच असतं, यात काय मोठं!"

मी म्हटलं, "खरं सांग, घेतात का औषध?"

"काही घेतही असतील. भाऊ रोज पहाट घेतो. मी बघितलंय. अंधारात उठून लाल मातीचा चढ चढतो."

"आणि तू?"

"मीही उठायचो. पण शाळेच्या शर्यतीत बाबा यायचे ते भावाला बघायला. तो पहिला आला की घरी जायचे. मी पोचायचो तेव्हा मैदानात गाई चरत असायच्या."

आप्पानं आपल्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात टाकली. आप्पा भाकरी कोणाला देत नाही. मला तर कधीच नाही!

*

रविवारी आम्ही रुळाजवळच्या मोकळ्या जागेत बसायचो. भुसावळकडची गाडी गेली की सगळ्यांच्या गप्पा तुटायच्या. कोणी नंदुरबारचा, कोणी अमळनेरचा. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत माना तिकडेच.

एकदा किरण म्हणाला, "माझ्या गावाला इथून कुठलीच गाडी जात नाही."

आप्पा सरकला. "मंग आमनी गाडीमा बठ. अमळनेरपावत तरी येशी!"

मी काहीतरी टोमणा मारणार होतो. काय ते विसरलो.

*

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या इंडस्ट्रियल एस्टेटच्या मालकांनी कामगारांची शर्यत ठेवली. आमच्या खात्यातून, म्हणजे लूमच्या कारखान्यातून, मी किरणचं नाव देऊन टाकलं. कामगार नाही म्हणून विचारलं, तर म्हटलं, "शिकाऊ आहे!" खोटं काय त्यात?

शिट्टी झाली आणि कापड रंगवणारी डाइंगवाली पोरं अशी सुटली जशी पगार वाटताहेत. किरण मागून आपला डुलत डुलत. आप्पानं कपाळाला हात लावला.

अर्ध्या रस्त्यात डाइंगवाले कडेला बसून ओकत होते. आणि किरण संपायच्या जागी पोचला तेव्हा तिथं पट्टीसुद्धा बांधलेली नव्हती! बांधणारे खमण खात बसलेले. त्यानं इकडेतिकडे बघितलं. मैदान रिकामं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. खमणवाल्यांना विचारतो,

"सगळे घरी गेले का?"

*

एका डाइंगवाल्या शेठला हे पचेना. सगळे जमल्यावर भर मैदानात ओरडला, "आणे दवा लीधी छे!"

मी किरणला अर्थ सांगितला, ‘यानं औषध घेतलंय.’ वाटलं, भडकेल. तर हा पळत जाऊन शेठच्या गळ्यातच पडला! "परत म्हणा! शेठ, एकदा परत म्हणा!"

भावावर संशय घेणारे जगभर होते. याच्यावर आजपर्यंत कोणाला संशय घ्यावासाच वाटला नव्हता!

तपासणी करायची कशी? कंपाउंडर आणला. त्यानं जीभ बघितली, नाडी बघितली, म्हणाला, "थोडा पित्ताचा त्रास आहे." मग मी शेठच्या कानात सांगितलं, "औषध खाणावळीत आहे. हिरवं असतं." शेठ तडक कमलबाईकडे. तिनं भाकरीवर ठेचा वाढला. शेठनं चांगला घासभर तोंडात टाकला...

किरणनंतर त्या दिवशी सगळ्यात जोरात कोण पळालं असेल, तर तो शेठ. मोरीपर्यंत!

*

किरणच्या गावात फोन एकच, शाळेतला. निरोप धाडून त्यानं बापाला तिथं बोलावून घेतलं. इकडे एसटीडीच्या खोक्यात किरण, मी, आप्पा आणि कमलबाई. काचेला नाकं लागलेली.

किरण त्याच्या भाषेत बोलत होता. कमलबाईला धीर कुठला! "काय म्हनस रे तुना बाप?"

"विचारताहेत, कितवा आलास. मी सांगितलं, पहिला. हसताहेत."

"का?"

"त्यांना वाटतंय, मी एकटाच पळालो."

मी त्याला कोपर मारलं. "अरे, संशयाचं सांग! दवा घेतली म्हणाले, ते सांग!"

त्यानं सांगितलं. हात हलवून, शेठचा आवाज काढून सांगितलं.  

मग किरण ऐकू लागला. रिसीव्हर कानाला तसाच धरून, आमच्यापैकी कोणाकडे न बघता त्यानं बापाचं बोलणं सांगितलं,

"म्हणताहेत, ‘मग इथं असताना का नाही घेतलंस ते औषध? मी थांबलो असतो की!’"